आई-बाबांच्या गोळ्यांची पिशवी हाती आली की

बेळगावात बहुतेक घरांत एक पिशवी असते. फ्रिजवर ठेवलेली, नाहीतर स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला अडकवलेली. आत पट्ट्या, अर्ध्या पट्ट्या, कात्रीनं कापलेले तुकडे, एखादी गुलाबी बाटली. पुण्याहून घरी परतलेल्या मुलाला किंवा नव्या सुनेला एक दिवस सांगितलं जातं, "बाबांच्या गोळ्या आता तू बघ." हा लेख त्या 'तू'साठी आहे.

शहापूर-वडगावकडच्या एका मेडिकलच्या काउंटरमागं माझी बरीच वर्षं गेली. बीपीच्या आणि शुगरच्या गोळीला लोक मान देतात, वेळ चुकली की हळहळतात. पोटाच्या औषधाला मात्र कसलाच मान नाही. "ते काय, गॅसची गोळी." अ‍ॅसिडिटीची गोळी, पातळ औषध, जुलाबाची गोळी, चूर्ण यांची कुणी औषधांत गणतीच करत नाही. मग डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" असं विचारलं तर उत्तर येतं, "काही नाही."

त्यात आपला सीमाभाग. बीपीचा कागद बेळगावचा, हृदयाचा कोल्हापूरचा किंवा मिरजेचा, खानापूरकडचा माणूस असेल तर एखादा गोव्याच्या बांबोळीचा. तीन डॉक्टर, तीन फाईली, आणि एकाची फाईल दुसऱ्यानं पाहिलेली नसते. तिघेही आपापल्या कागदावर शेवटी अ‍ॅसिडिटीची एक गोळी लिहितात. नावं वेगळी असल्यामुळं घरच्यांना ती तीन औषधं वाटतात.

आधी पिशवी ओता

सगळी पिशवी टेबलावर उलटी करा. पिशवीत नसलेलंही आणा: ईनोची पुडी, चूर्णाची डबी, शंखवटी, इसबगोल, आसवाची बाटली, आईच्या उशाखालची पाचक गोळी. कोणती कधी घेतात ते विचारू नका, घेताना बघा. दोन्हींत फरक निघतो.

वडगावच्या एक मावशी. थायरॉईडची गोळी ५० मायक्रोग्रॅमची होती, ती ७५ झाली, मग १००. रिपोर्ट तरी जागचा हलेना. एकदा मी विचारलं, "मावशी, सकाळी नेमकं काय काय घेता?"

"सगळं एकदमच की ओ. उपाशीपोटी घ्या म्हटल्यात न्हवं?"

पिशवी काउंटरवर ओतली. थायरॉईडची गोळी, अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल, कॅल्शियम, आणि "गोळ्या पोटाला लागू नयेत म्हणून" वर दोन चमचे गुलाबी अँटासिड, म्हणजे आम्ल मारणारं पातळ औषध. म्हणजे थायरॉक्सिन (थायरॉईडच्या गोळीतलं औषध) रक्तात उतरायच्या आधीच त्याला धरून ठेवणारे दोघे, कॅल्शियम आणि अँटासिड, तिथं हजर. गोळी वाढवत नेली तरी रक्तात पोचत होती ती थोडीच. मी सगळं एका कागदावर लिहून त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं. वेळा वेगळ्या केल्या, दोन महिन्यांनी तपासणी झाली आणि डोस खाली आला.

यातली एक गोष्ट सहज निसटते. वेळ सुधारली की तोच डोस जास्त लागू पडायला लागतो. म्हणून वेळा बदलल्या तर डॉक्टरांना सांगायचं आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यायची. नाहीतर छातीत धडधड सुरू होते आणि कारण कुणाला सापडत नाही.

मोठं नाव सोडा, बारीक अक्षरं वाचा

पट्टीवरचं ठळक नाव कंपनीचं असतं. तुम्हाला हवंय ते त्याच्या जवळ छापलेलं औषधाचं नाव. 'प्राझोल'नं संपणारी सगळी एकाच घरातली: ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. पिशवीत यातली दोन निघाली तर एक बहुधा जादाची आहे. डॉक्टरांना दाखवा.

आता नावामागची शेपटी. 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर आत डॉमपेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध असतं. 'एल' किंवा 'एलएस' असेल तर बहुतेक लेव्होसल्पिराइड, तेही उलटी-गॅसचं. 'ओझेड' म्हणजे ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल, जुलाबावर देतात ती जंतू मारणारी औषधं. 'स्पास' म्हणजे मुरडा थांबवणारं डायसायक्लोमिन, आणि बहुतेक वेळा जोडीला मेफेनामिक अ‍ॅसिड हे वेदनाशामक. शेपटीवर पूर्ण विश्वास टाकू नका, आतलं नाव वाचून खात्री करा. पण दुसऱ्या औषधाशी भांडण, म्हणजे त्याच्या कामात खोडा घालणं, बहुतेकदा शेपटीच करते.

जुनी रॅनिटिडीनची पट्टी सापडली तर बाजूला काढा. तिच्यात एनडीएमए हा घातक घटक आढळल्यामुळं अमेरिकेनं २०२० साली ती बाजारातून काढायला लावली, आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली. त्या जातीत आता फॅमोटिडीन मिळतं.

भांडण कुठं होतंय ते ओळखा

बऱ्याच माहितीपत्रकांत लांबलचक तक्ते असतात. ते पाठ करण्यापेक्षा प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: अंतर ठेवलं तर हे भांडण मिटेल का?

पोटातच होणारी भांडणं अंतरानं मिटतात. अँटासिडमधलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा गोळीतलं लोह दुसऱ्या औषधाला चिकटतं आणि दोघं मिळून तसंच बाहेर पडतात. अल्सरसाठी देतात त्या सुक्राल्फेटचंही तसंच. आधी एक आत गेलं, काही तासांनी दुसरं, की झालं.

लिव्हरमध्ये किंवा हृदयाच्या ठोक्यावर होणारी भांडणं अंतरानं मिटत नाहीत. सकाळी एक आणि रात्री दुसरं घेतलं तरी रक्तात ती भेटतातच. तिथं औषधच बदलावं लागतं, आणि ते काम डॉक्टरांचं.

मधे एक फसवा गट आहे, 'प्राझोल' मंडळींचा. ही औषधाला चिकटत नाहीत, पोटातलं आम्लच दिवसभर कमी ठेवतात. ज्यांना विरघळायला आम्ल लागतं त्यांची पंचाईत होते: लोह, कॅल्शियम कार्बोनेट, बुरशीवरच्या इट्राकोनाझोलची कॅप्सूल, थोड्या प्रमाणात थायरॉक्सिनही. इथं दोन तासांच्या अंतरानं फारसं साधत नाही. कॅल्शियमच्या बाबतीत सायट्रेट प्रकार चालतो का, ते डॉक्टरांना विचारता येतं.

अंतरानं मिटणारी: घड्याळ लावा

वहीच्या पानावर उभा दिवस लिहा. थायरॉईड, अ‍ॅसिडिटी, लोह आणि कॅल्शियम अशा चारही गोळ्या असलेल्या माणसाचं वेळापत्रक मी साधारण असं लिहून देतो, आणि डॉक्टरांना दाखवायला सांगतो:

सकाळी ६: थायरॉक्सिन, फक्त पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासानंतर, कॉफीवाल्यांनी पूर्ण तास थांबावं.
सकाळी ७.३०: पॅन्टोप्राझोल. नाश्ता ८ वाजता.
सकाळी ११: लोह, लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर नको.
दुपारी जेवताना, दीडच्या सुमारास: कॅल्शियम.
रात्री जेवणानंतर, लागलंच तर: पातळ अँटासिड.

यात थायरॉक्सिन आणि लोह-कॅल्शियम-अँटासिड यांच्यात किमान चार तास ठेवलेत, लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन. 'प्राझोल' गोळी जेवणानंतर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. ती जेवणाआधी अर्धा तास ते एक तास, आणि चावायची नाही.

अँटिबायोटिक सुरू झालं की हे पान पुन्हा मांडायचं. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन ही सगळी अँटासिडला चिकटणारी. अँटिबायोटिक आधी घ्या, अँटासिड निदान दोन तासांनी. अँटासिड आधी पोटात गेलं असेल तर सिप्रोसाठी सहा तास थांबायला सांगतात. आणि हो, अ‍ॅसिडिटीवर आपला घरगुती उपाय म्हणजे पेलाभर थंड दूध. अँटिबायोटिकची गोळी त्या दुधाबरोबर गिळू नका, दुधातलं कॅल्शियम तोच खेळ करतं.

क्षयाच्या औषधांतलं आयसोनियाझिड अ‍ॅल्युमिनियमवाल्या अँटासिडच्या किमान एक तास आधी. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर असेल तर ती अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. या दोन रुग्णांना अ‍ॅसिडिटी बऱ्याचदा होते, आणि औषध कमी पोचलं तर नुकसान मोठं.

आता चूर्ण आणि भस्म. "आयुर्वेदिक आहे, त्याचं काय एवढं?" हे वाक्य मी आठवड्याला एकदा तरी ऐकतो. शंखभस्म, कपर्दिक भस्म, प्रवाळ ही शिंपल्या-पोवळ्याची बनलेली. रसायनाच्या भाषेत मुख्यतः कॅल्शियमच. शंखवटी आणि कामदुधा यांतही ती असतात. तेव्हा थायरॉईडची गोळी किंवा सिप्रो चालू असताना यांनाही कॅल्शियमचेच नियम. सूतशेखर रसात धोत्र्याचं बी पडतं. डायसायक्लोमिन आणि धोत्रा एकाच दिशेनं ओढतात, तोंडाला कोरड, लघवी अडणं, म्हाताऱ्या माणसाला भ्रम. सर्दीची झोप आणणारी गोळी त्यात पडली तर आणखीच. काचबिंदू किंवा प्रोस्टेट असलेल्या बाबांना 'स्पास' देण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. अ‍ॅसिडिटीवर रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांचं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. लघवीची गोळी किंवा हृदयाचं डिगॉक्सिन चालू असेल तर ही सवय मोडा. ईनोत सोडा आहे, म्हणजे सोडियम. पायाला सूज असणाऱ्या हृदयरोग्याला बटाटेवड्यानंतरची रोजची पुडी परवडत नाही.

इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, आणि बाकी गोळ्यांपासून दोन तास दूर. बद्धकोष्ठतेची बिसाकोडिल दूध किंवा अँटासिडबरोबर घेतली तर तिचं वेष्टण पोटातच फुटतं आणि कळ येते.

अंतरानं न मिटणारी

स्टेंट बसवलेल्या माणसाला क्लोपिडोग्रेल असतं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. हे औषध लिव्हरमध्ये तयार झाल्यावरच काम करतं, आणि ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल नेमकं ते तयार होणं मंदावतात. सकाळ-रात्र वेगळी केली तरी फरक पडत नाही. पॅन्टोप्राझोलनं हा अडथळा बराच कमी होतो, म्हणून हृदयाचे डॉक्टर बहुधा तेच लिहितात. गडबड होते ती नंतर. पट्टी संपते, दुकानात ती नसते, आणि "तसलीच दुसरी" म्हणून ओमेप्राझोल हातात पडतं. पट्टी बदलून देत असतील तर आतलं नाव तिथंच वाचा.

हे वाचून कुणी बाबांची अ‍ॅसिडिटीची गोळी बंद करू नका. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणाऱ्याला ती बऱ्याचदा पोटातून रक्तस्राव होऊ नये म्हणून मुद्दाम दिलेली असते. गोळी बंद करायची नाही, योग्य ती आहे का ते विचारायचं.

दुसरी जोडी सध्या फार दिसते. पावसाळ्यात खानापूरच्या पट्ट्यात कपडे वाळत नाहीत, जांघेत गजकर्ण होतं. मलमानं जात नाही, मग इट्राकोनाझोल सुरू होतं, पुष्कळदा कित्येक आठवडे. गोळीनं पोट बिघडतं म्हणून माणूस स्वतःच शेपटीवाली 'डी' गोळी चालू करतो. इथं दोन भांडणं एकदम लागतात. पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करतं, त्यामुळं इट्राकोनाझोलची कॅप्सूल नीट शोषली जात नाही आणि गजकर्ण हटत नाही. उलट बाजूनं इट्राकोनाझोल डॉमपेरिडोनचा लिव्हरमधला निचरा अडवतं. रक्तात डॉमपेरिडोन साचतं आणि हृदयाच्या ठोक्याची लय बिघडू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोल यांच्याबरोबरही तोच धोका. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ साली डॉमपेरिडोन मळमळ-उलटीपुरतं, १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि साधारण आठवडाभरच, असं आखून दिलं. आपल्याकडं तेच 'डीएसआर'मध्ये वर्षानुवर्षं सकाळच्या चहासारखं चालतं. बाबा महिनाभरापेक्षा जास्त 'डी' घेत असतील तर "साधी पॅन्टोप्राझोल चालेल का?" हा प्रश्न पुढच्या भेटीत विचारा.

पार्किन्सनचा रुग्ण असेल तर मेटोक्लोप्रामाइड आणि लेव्होसल्पिराइड ही उलटी-गॅसची औषधं त्याच्या लेव्होडोपाच्या उलट काम करतात. हातांची थरथर वाढते. आधी पार्किन्सन नसलेल्या म्हाताऱ्यालाही 'एल' शेपटीनं चाल मंदावू शकते, आणि घरच्यांना वाटतं, वय झालं.

शुगरची मेटफॉर्मिन आणि 'प्राझोल' वर्षानुवर्षं एकत्र चालू असेल तर बी-१२ उतरण्याची शक्यता वाढते. पायाला मुंग्या येतात, त्या शुगरच्या खात्यात जातात. बी-१२ची तपासणी विचारा. मॅग्नेशियमही उतरू शकतं, विशेषतः लघवीची गोळी जोडीला असेल तर.

सौंदत्तीहून आल्यावर

मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावरून परत आलेली मंडळी दुसऱ्या दिवशी काउंटरवर असतात. "जुलाबाची स्ट्राँग गोळी द्या." त्यांच्या मनात 'ओझेड' किंवा मेट्रोनिडाझोल असतं. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिकची गरजच नसते. आधी ओआरएस, मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी पेल्यात अंदाजानं घालायची नाही.

डॉक्टरांनी गोळी लिहिलीच तर चार गोष्टी सांगा. वॉरफॅरिन किंवा असेनोकूमारॉल, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मेट्रोनिडाझोलनं तिचा जोर वाढतो, हिरड्यांतून रक्त यायला लागतं, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, लवकर तपासावा लागतो. शुगरची ग्लिमेपिराइड आहे का? ऑफ्लॉक्सासिनबरोबर शुगर एकदम खाली येऊ शकते, त्यात माणूस काही खात नसतो. बीपीची, लघवीची किंवा मेटफॉर्मिनची गोळी आहे का? अंगातलं पाणी गेलेलं असताना त्या थोडे दिवस थांबवायच्या का, हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही फोन करायला उशीर करू नका. आणि चौथी गोष्ट बाबा स्वतःहून सांगणार नाहीत. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको. चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड असं होऊ शकतं. गोव्याहून आलेली फेणी ही दारूच, आणि द्राक्षासव, कुमारीआसव, अभयारिष्ट यांतही मद्यार्क असतो, बाटलीवर तसं छापलेलं असतं.

ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर लोपेरामाइड देऊन जुलाब दाबू नका.

काउंटरवर आणि दवाखान्यात

सरकारी दवाखान्यात कानडीत सांगितलेल्या वेळा बाहेरून आलेल्याला कळत नाहीत, आणि संकोचानं तो पुन्हा विचारत नाही. चार शब्द पुरतात. 'ऊटक्के मुंचे' म्हणजे जेवणाआधी, 'ऊट आद मेले' म्हणजे जेवणानंतर, 'खाली होट्टे' उपाशीपोटी, 'मुंजाने' सकाळी. (एका नव्या सुनेनं 'मेले' ऐकून घाबरून मला विचारलं होतं, गोळी एवढी जहाल आहे काय?) यादी पुढं करताना "ई गुळगीनू तगोतीनि", म्हणजे ही गोळीही घेतो, एवढं म्हटलं तरी डॉक्टर थांबून बघतात.

यादी मात्र इंग्रजी अक्षरांत लिहा, औषधाच्या आतल्या नावानं, डोस आणि वेळेसकट. मराठी यादी हुक्केरीत अडेल, कानडी यादी कोल्हापुरात. खाली चूर्ण, भस्म, आसव, ईनो. फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर टाका. नवं औषध घेताना मेडिकलवाल्याला एवढंच विचारा: "ही यादी चालू आहे. यात हे बसतं का, आणि किती अंतर ठेवू?" गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सातला, विचारलंत तर उत्तर घाईचं मिळेल. दुपारी तीनला या.

काळं, डांबरासारखं शौच, रक्ताची उलटी, चक्कर येऊन पडणं, छातीत ठोके चुकल्यासारखं होणं, असं काही झालं तर यादी शोधत बसायचं नाही. १०८ लावा आणि निघताना खिळ्यावरची ती पिशवी सोबत घ्या.